शुगर, एचबीएवनसी आणि हार्टचा व्हॉल्व्ह: या चुका टाळा

आमच्या मामांना शुगर होऊन वीस वर्षं झाली. रिपोर्टच्या आधी चार दिवस भात बंद, चहात साखर बंद, मग फास्टिंग ११० आली की घरात सगळे खूश. यंदा सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर पाळण्यांपर्यंत जाताना ते तीनदा थांबले, छातीला हात लावून म्हणाले वय झालं की ओ आता, आणि आम्हीपण तेच धरलं. ही आमची सगळ्यात मोठी चूक. नंतर इको, म्हणजे हार्टची सोनोग्राफी, केला तेव्हा कळलं, हार्टमधून अंगभर रक्त सोडणाऱ्या झडपेवर, म्हणजे एऑर्टिक व्हॉल्व्हवर, कॅल्शियम साचून तो अरुंद झालाय.

फास्टिंग हा फक्त त्या सकाळचा आकडा असतो. साखर रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून एचबीएवनसी या रक्ताच्या तपासणीत मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब निघतो, चार दिवसांच्या पथ्याने तो फारसा हलत नाही. फक्त अंगात रक्त कमी असेल तर हा आकडा चुकू शकतो, ते डॉक्टरांना आधीच सांगा.

आता मुख्य गोष्ट. साखर जशी हिमोग्लोबिनला चिकटते तशीच व्हॉल्व्हच्या पाकळ्यांमधल्या कोलॅजेनलाही, म्हणजे त्यांना बळकटी देणाऱ्या प्रोटीनच्या धाग्यांनाही, चिकटते. लाल पेशी चार महिन्यांत बदलून जाते, पण कोलॅजेन वर्षानुवर्षं तेच राहतं, म्हणजे दहा वर्षांपूर्वी वाढलेल्या शुगरचा साठा तिथं अजून बसलेला असतो. त्यातून एजीई नावाचे पदार्थ तयार होतात, ते कोलॅजेनचे धागे एकमेकांना जखडतात. तव्यावर भाकरीला तपकिरी डाग पडतात ना, ती साखर आणि प्रोटीनची त्याच जातीची क्रिया. आणि आपली मऊ भाकरी दुमडते, कडक भाकरी दुमडायला गेलं की मोडते, तसं पाकळीचं होतं असं समजा. एक मिलिमीटरपेक्षा पातळ पाकळी, दिवसाला लाखभर वेळा उघडझाप. वर हे एजीई तिथल्या पेशींना सूज आणतात, मग त्यातल्या काही पेशी हाड बनवणाऱ्या पेशींसारख्या वागायला लागतात आणि कॅल्शियम बसतं. सगळं एकट्या शुगरनं होतं असं नाही, वय, बीपी, तंबाखू-बिडी, किडनी, जन्मतः दोनच पाकळ्या असणं, हे सगळंच त्यात भर घालतं.

कॅल्शियम शब्द ऐकला आणि मामींनी दुसऱ्या दिवशी दूध-दही बंद केलं. तसं करू नका. जेवणातल्या दुधानं व्हॉल्व्हवर थर बसत नाही. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर मात्र डॉक्टरांना विचारा, आपल्या मनानं बंदही नको आणि चालूही नको.

ईसीजी नॉर्मल आला म्हणून निर्धास्त राहू नका, व्हॉल्व्ह कळतो तो छातीला स्टेथोस्कोप लावून आणि इकोनं. चढावर दम लागणं, छाती दाबल्यासारखी होणं, चालताना चक्कर किंवा भोवळ, यातलं काहीही असेल तर इकोबद्दल विचारा. आणि छातीत दुखलं की शेजाऱ्याची सॉर्बिट्रेट ही छातीदुखीची गोळी जिभेखाली ठेवायची सवय आपल्याकडं आहे, व्हॉल्व्ह जास्त अरुंद असेल तर तिनं बीपी एकदम उतरू शकतं.

साचलेलं कॅल्शियम विरघळवणारं औषध अजून नाही, काढा नाही, लेपही नाही. स्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीनंसुद्धा व्हॉल्व्हचं अरुंद होणं थांबत नाही, पण ती गोळी रक्तवाहिन्यांसाठी असते, म्हणून सोडू नका. गरज पडली तर व्हॉल्व्ह बदलतात, ऑपरेशननं किंवा मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळी घालून.

घाबरून उपाशी राहून शुगर खाली आणू नका, म्हाताऱ्या माणसाला लो शुगर लई धोक्याची.

मामांचा व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा त्याचं तोंड १.२ चौरस सेंटीमीटर असतं, नॉर्मल तीन ते चार असतो, एकच्या खाली गेला की गंभीर. त्यांना वर्षानं परत इको सांगितलाय. तारीख मामींनी कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिलीय, आणि एचबीएवनसीचे सगळे रिपोर्ट आता इकोच्याच पिशवीत ठेवतात.