रेडिओलॉजीचा चॉइस भरण्याआधी या चुका टाळा

एमबीबीएसनंतरच्या प्रवेशासाठीच्या नीट-पीजीचा निकाल लागतो, रँक बरी येते, रेडिओलॉजी आवाक्यात आहे असं दिसतं. मग बहुतेक जण गेल्या वर्षीच्या कटऑफची एक्सेल शीट उघडतात आणि वरून खाली कॉलेजं भरत जातात. मेडिसिन की रेडिओ, यावर वर्षभर डोकं शिणवलेलं असतं. कॉलेजच्या वाट्याला मात्र दोन संध्याकाळी येतात, त्याही घाईच्या. त्यात होणाऱ्या चुका दरवर्षी साधारण त्याच असतात.

कटऑफलाच दर्जा समजणं

गेल्या वर्षी कोणाला कुठे जावंसं वाटलं, एवढंच कटऑफ सांगतो. त्या आकड्यात शहर असतं, फी असते, सेवेची किंवा दंडाची हमी देणारा बाँड असतो, हॉस्टेलची अवस्था असते. मुंबईतली महापालिकेची कॉलेजं वर असतात त्यात तिथल्या पेशंटच्या गर्दीचा मोठा वाटा आहे, पण ‘बायकोची नोकरी मुंबईत आहे’ यासारख्या कारणांचाही आहेच. शिवाय एकाच कॉलेजचा केंद्राच्या एमसीसीच्या (प्रवेश समितीच्या) ऑल इंडिया कोट्यातला आकडा वेगळा आणि राज्याच्या सीईटी सेलच्या यादीतला वेगळा. प्रवर्गानुसार तो बदलतो, फेरीनुसारही बदलतो. तिसऱ्या फेरीत भरलेली सीट वाईटच असेल असं नाही. आधीच्या कोणीतरी ती सोडली म्हणून उशिरा रिकामी झालेली असू शकते. ‘हे मला मिळेल का’ एवढ्या प्रश्नापुरता कटऑफ वापरा, पुढचं त्याला विचारू नका.

मशिनी मोजणं

‘तिथे ३ टेस्ला एमआरआय आहे’ (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद) हे वाक्य दर काउन्सेलिंगला कानावर येतं. मशिन आहे, मान्य. पण चालवतं कोण आणि रिपोर्ट कोण देतं? बऱ्याच सरकारी रुग्णालयांत सीटी किंवा एमआरआय खासगी भागीदारीतून चालतो. काही ठिकाणी इमेजेस दुसऱ्या शहरातल्या कंपनीच्या रेडिओलॉजिस्टकडे जातात आणि तयार रिपोर्ट परत येतो. अशा विभागात निवासी डॉक्टरला एमआरआयची फिल्म दिसते ती वॉर्डातला इंटर्न ‘सर, जरा बघता का’ म्हणत घेऊन आला तर. याउलट १.५ टेस्लाच्या जुन्या मशिनवर जेआर टू (दुसऱ्या वर्षाचा ज्युनिअर रेसिडेंट) स्वतः ड्राफ्ट लिहितो आणि दुपारी एखादे असोसिएट प्रोफेसर शेजारी बसून ओळ न् ओळ खोडतात, असेही विभाग आहेत. मी दुसरा घेईन, डोळे झाकून.

प्रोग्रॅम तोलताना मी तीनच गोष्टी पाहतो. पहिला रिपोर्ट तुम्ही लिहिता का? वरिष्ठ तो तुमच्यासमोर दुरुस्त करतात का? आणि त्या पेशंटच्या ऑपरेशनमध्ये किंवा बायोप्सीत पुढे काय निघालं, हे तुम्हाला कळतं का? तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी क्वचित सापडतात. मोठ्या सरकारी रुग्णालयात पहिली भरपूर मिळते, कारण लिहिणारं दुसरं कोणी नसतं. दुसरी मात्र गर्दीत हरवते, ‘टाक फायनल’ म्हणून रिपोर्ट पुढे जातो. कॉर्पोरेट रुग्णालयात उलट. तिथे शिकवणारे कन्सल्टंट अनुभवी असतात, पण रिपोर्ट तासाभरात द्यायचा असतो, म्हणून ते स्वतःच डिक्टेट करतात आणि तुम्ही मागे उभं राहून ऐकता. ऐकून कान तयार होतो, हात होत नाही. तिसरी गोष्ट जवळजवळ सगळीकडे दुबळी. जिथे सर्जरी आणि पॅथॉलॉजीबरोबर दर आठवड्याला केस-मीटिंग खरोखर होते, कागदावर नाही, ते कॉलेज यादीत दोन-तीन घरं वर सरकवायला माझी हरकत नाही.

चुकीच्या माणसाला चुकीचा प्रश्न

‘सर, कॉलेज कसं आहे?’ याला ‘चांगलं आहे, ये’ याखेरीज उत्तर मिळत नाही. जॉइन होऊन दोन महिने झालेला जेआर वन इतका दमलेला असतो की त्याला सगळंच वाईट दिसतं. परीक्षेच्या तोंडावरचा जेआर थ्री मनाने बाहेर पडलेला असतो. विभागप्रमुख विभागाची बाजूच सांगणार, त्यात गैर काही नाही. नेमकं सांगू शकतो तो वर्षभरापूर्वी पास होऊन बाहेर पडलेला. सध्या तो कुठेतरी सिनिअर रेसिडेंट असतो किंवा एखाद्या डायग्नोस्टिक सेंटरमध्ये बसतो आणि आपल्याला काय येत नाही हे त्याला रोज कळत असतं.

त्याला मत विचारू नका, घटना विचारा. गुडघ्याच्या एमआरआयचा पहिला ड्राफ्ट तू कितव्या वर्षी लिहिलास? शेवटचा तुझा रिपोर्ट कोणी आणि कुठे बसून दुरुस्त केला? पू किंवा पाणी काढायची पिगटेल नळी एकट्याने टाकलीस का, की फक्त सोनोग्राफीचा प्रोब धरलास? रात्री दोन वाजता पोटाचा सीटी आला तर फोन कोणाला करायचास आणि ते उचलायचे का? हेच प्रश्न दुसऱ्या बॅचच्या कोणालातरी वेगळे विचारा. उत्तरं जुळली तर विश्वास ठेवा. जुळली नाहीत तर मधल्या काळात कोणीतरी चांगले शिक्षक बदलून गेले असण्याची शक्यता मोठी. सरकारी कॉलेजांत बदल्या होतातच.

सोनोग्राफी तर येईलच, असं धरून चालणं

महाराष्ट्रातल्या अर्जदारांसाठी मला ही सगळ्यात महागडी चूक वाटते. पुढे नगर, लातूर किंवा चाळीसगावला स्वतःचं सेंटर टाकायचं असेल तर रोजची भाकर सोनोग्राफीवर आहे, आणि त्यात गरोदरपणाच्या तपासण्यांचा हिस्सा मोठा. काही रुग्णालयांत मात्र त्या तपासण्या स्त्रीरोग विभाग स्वतःच करतो. मग रेडिओलॉजीचा निवासी डॉक्टर तीन वर्षांत गर्भातलं व्यंग शोधणारे मोजकेच अॅनोमली स्कॅन करून एमडी होतो आणि पहिल्या नोकरीत अठरा आठवड्यांच्या गर्भाच्या हृदयाचे चार कप्पे शोधताना घाम फुटतो. एनटी (गर्भाच्या मानेमागची जाडी मोजणारा) आणि अॅनोमली स्कॅन कोण करतं, गर्भाचा रक्तप्रवाह पाहणारा फीटल डॉप्लर कोणाकडे, हे थेट विचारा. निव्वळ कर्करोगाच्या संस्थेत प्रसूतीच्या आणि अपघाताच्या केसेससाठी बाहेर कुठे पोस्टिंग मिळतं, तेही.

दुसऱ्या टोकाला, जिथे सोनोग्राफी प्रचंड आहे तिथे जेआर वनचं वर्ष कारकुनीत जातं का ते पाहा. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा पीसीपीएनडीटी कायदा १९९४ चा आहे आणि त्यातला गरोदर स्त्रीच्या सोनोग्राफीची नोंद ठेवणारा फॉर्म एफ काटेकोर भरावा लागतो. चुका महागात पडतात. तो भरायला शिकणं गरजेचंच. पण फॉर्म, रजिस्टर, क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या तपासणीचा) रिपोर्ट आणा, कॉन्ट्रास्टसाठी व्हेन लावा, यातच दिवस संपत असेल तर प्रोब हातात कधी येणार?

‘रेडिओमध्ये नाइट नसते’

असते. पोर्टेबल एक्स-रे, टॉर्शनचा (अंडकोशाला पीळ पडल्याचा) डॉप्लर, डोक्याला मार लागलेल्याचा सीटी, हे सगळं रात्रीच येतं. आठवड्याला किती नाइट आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळते का, एवढं विचारलं तरी पुरे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या (एनएमसी) २०२३ च्या पीजी नियमांत आठवड्याच्या सुट्टीची तरतूद आहे. ती ड्युटी रोस्टरमध्ये दिसते का, हे रोस्टरचा फोटो मागवून बघा.

डीएनबीबद्दल दोन्ही टोकांचे गैरसमज

डीएनबी ही एमडीला समांतर, राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदवी. ‘डीएनबी म्हणजे दुय्यम’ हा एक, आणि ‘कागदावर समकक्ष आहे, मग फरक काय’ हा दुसरा. डीएनबीत कॉलेजपेक्षा रुग्णालय महत्त्वाचं. दोन सीटच्या ठिकाणी तुमच्या वर मोजकेच सिनिअर असतात. ते चांगले निघाले तर नशीब, नाहीतर शिकवणारं मधल्या फळीचं माणूसच नाही. थिअरीची परीक्षा देशभर एकच आणि प्रॅक्टिकलही अनेकदा परक्या केंद्रावर, त्यामुळे घरच्या परीक्षकांची ऊब नसते. मागच्या तीन बॅचपैकी किती जण पहिल्या प्रयत्नात पास झाले ते विचारा. उत्तर टाळलं गेलं तर तेच उत्तर समजा.

बाँड, फी आणि स्टायपेंड नंतर पाहू म्हणणं

इथे फार काही उलगडून सांगण्यासारखं नाही, फक्त माहिती पुस्तिका स्वतः वाचा, टेलिग्राम ग्रुपवरचा सारांश नको. सीट सोडण्याचा बाँड आणि पास झाल्यावरच्या सेवेचा बाँड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीट सोडण्याचा बाँड बंद करा, असा सल्ला एनएमसीने जानेवारी २०२४ मध्ये राज्यांना दिला होता. तुमच्या राज्याने तो मानला का, हे यंदाच्याच पुस्तिकेत शोधायचं. काही डीम्ड (अभिमत विद्यापीठांच्या) कॉलेजांत रेडिओलॉजीची तीन वर्षांची फी कोटीपार जाते. खासगी ठिकाणी स्टायपेंड किती लिहिलाय यापेक्षा तो खात्यात येतो आणि खात्यातच राहतो का, हे निवासी डॉक्टरांना विचारा.

रेडिएशनची विचारपूस न करणं

रेडिएशन मोजणारा टीएलडी बॅज जॉइन होताच मिळतो का? दर तिमाहीचा डोस कळवतात का? अणुऊर्जा नियामक मंडळाची (एईआरबी) मर्यादा सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० आहे. निवासी डॉक्टर सहसा तिच्या जवळपासही जात नाहीत, पण बॅज कपाटात पडून असेल तर ते कळणार कसं? गरोदर निवासी डॉक्टरला फ्लुरोस्कोपी आणि डीएसए या एक्स-रेवर चालणाऱ्या तपासण्यांमधून बाजूला काढतात की ‘सहकाऱ्यांशी अॅडजस्ट करा’ म्हणतात, हे तिथे शिकलेल्या एखाद्या मुलीलाच विचारावं.

सीट घेतली आणि अंदाज चुकला तर

पहिल्या तीन महिन्यांतल्या निराशेवरून सीट सोडायचा निर्णय घेऊ नका. तो काळ सगळीकडे सारखाच असतो. आधी नेमकं काय कमी आहे ते ओळखा. एमआरआय हाताला येत नसेल तर विभागप्रमुखांकडे दोन-तीन जणांनी मिळून दुसऱ्या संस्थेतल्या पोस्टिंगची लेखी मागणी करा. एकट्याची तक्रार वाटते, तिघांची गरज वाटते. दुरुस्ती करणारं कोणी नसेल तर आपला ड्राफ्ट आणि अंतिम रिपोर्ट शेजारी ठेवून फरक स्वतः टिपा. सोनोग्राफी कमी असेल तर जिल्हा रुग्णालयातले डीआरपीचे (निवासी डॉक्टरांच्या सक्तीच्या जिल्हा पोस्टिंगचे) तीन महिने सुट्टीसारखे घालवू नका. तिथे वर पाहणारं कोणी नसतं, पण पोटदुखीच्या पेशंटची रांग असते. आयआरआयए या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेच्या राज्य शाखेच्या सभांना केस घेऊन जा, बाहेरचे शिक्षक तिथेच भेटतात.

आणि तिसऱ्या गोष्टीसाठी, म्हणजे पुढे काय निघालं हे कळण्यासाठी, कॉलेजची वाट बघायची गरजच नाही. शंका राहिलेल्या केसचा नोंदणी क्रमांक वहीत लिहा आणि दर शनिवारी पॅथॉलॉजीच्या रजिस्टरात जाऊन बघा. सर्जरीच्या जेआरशी ओळख असेल तर ओटीतून फोनही येतो.