मिलोसला सी-कयाकिंगला जाताय? या चुका टाळा

कोकणात किंवा गोव्यात समुद्र बघत वाढलेला माणूस पाण्यात उतरायचं म्हटलं की आधी विचारतो, "भरती कधी आहे?" मुंबईला उधाणाच्या दिवशी पाणी चार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, त्यामुळे हा प्रश्न अंगवळणी पडलेला असतो. ग्रीसच्या मिलोस बेटावर मात्र भरती-ओहोटीचा फरक जेमतेम वीतभर. तिथला दिवस ठरतो तो वाऱ्यावर. मी दोनदा तिथे गाईडबरोबर कयाकिंगला गेले आहे, आणि माझ्या किंवा बरोबरच्यांच्या हातून झालेल्या बहुतेक चुकांचं मूळ शोधायला गेलं तर वाऱ्यापाशीच सापडतं.

जुलै-ऑगस्टमध्ये जाणं, आणि वर हट्ट धरणं

पहिल्यांदा मी जुलैच्या शेवटी गेले. शाळांच्या सुट्ट्या बघून युरोपातले लोक जातात तेव्हाच आपणही बुकिंग करतो, तसंच केलं होतं. सहा दिवसांची सहल, त्यातले दोन दिवस आम्ही पाण्यात उतरलोच नाही.

या दिवसांत एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्टेमी नावाचा वारा वाहतो. जुलै-ऑगस्ट हा त्याचा भर. आपल्या मान्सूनशी त्याचं नातं आहे, हे कळलं तेव्हा मला फार मौज वाटली. उन्हाळ्यात भारत-पाकिस्तानवर जो कमी दाबाचा पट्टा तयार होतो, तोच पश्चिमेकडे पार तुर्कस्तानपर्यंत लांबलेला असतो. बाल्कन देशांवर जास्त दाब आणि तुर्कस्तानवर कमी दाब, या दोहोंमधून हा वारा खेचला जातो. म्हणजे आपल्याकडे पाऊस कोसळत असतो, त्याच दिवसांत तिथे मेल्टेमी जोरात असतो. फरक एवढाच की आपल्याकडचा वारा ढग घेऊन येतो. मेल्टेमी निळ्याशार, स्वच्छ आकाशात वाहतो. सकाळी खिडकीतून बघितलं तर वाटतं, आजच्यासारखा दिवस नाही. दुपारपर्यंत समुद्र फेसाळलेला असतो, आणि एकदा सुरू झालेला वारा कधीकधी सलग चार-पाच दिवस हटत नाही.

ग्रीसमध्ये वाऱ्याचा जोर बोफोरमध्ये सांगतात, अगदी चहाच्या टपरीवर क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसं "आज किती बोफोर?" असं विचारतात. चार बोफोर म्हणजे ताशी 20 ते 28 किलोमीटर. नवख्या माणसाला यातच दम लागतो. सहा बोफोर म्हणजे ताशी 39 ते 49 किलोमीटर. आकडा दीडपट झाला म्हणून कष्ट दीडपट होत नाहीत. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, त्यामुळे चारात चाललेली कयाक सहात जागची हलत नाही.

आता हट्टाचं. क्लेफ्टिको हे मिलोसच्या नैऋत्य टोकाचं ठिकाण: पांढऱ्या ज्वालामुखी खडकाच्या कमानी आणि गुहा, एके काळी चाच्यांचा अड्डा. नावातच 'चोर' आहे. फोटो बघून सगळ्यांना तिथेच जायचं असतं, आणि तेही ठरलेल्या दिवशी. आमच्यातल्या एका काकांनी तर पहिल्याच संध्याकाळी गाईडला सांगून टाकलं, "गुरुवारी क्लेफ्टिको, कारण शुक्रवारी पत्नीचा वाढदिवस, तिला सॅन्टोरिनीला न्यायचंय." गाईडनं शांतपणे उत्तर दिलं, "गुरुवारी कुठे जायचं ते बुधवारी रात्री सांगेन." हेच खरं उत्तर आहे. मिलोस दीडशे चौरस किलोमीटरच्या आसपासचं, घोड्याच्या नालेसारखं बेट. उत्तरेचा वारा असला की कयाक गाडीवर टाकून दक्षिण किनाऱ्याला नेतात, दक्षिणेचा असला की उत्तरेला. पहिल्या दिवशीच लेखी कार्यक्रम देऊन तो पाळणारा गाईड मिळाला, तर उलट काळजी करा.

शक्य असेल तर मे-जून किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध निवडा. मेमध्ये पाणी थंड असतं, 19 अंशांच्या आसपास, त्यामुळे नुसत्या टी-शर्टवर भागत नाही. सप्टेंबरमध्ये उन्हाळाभर तापलेला समुद्र कोमट असतो. दुसऱ्या खेपेला मी सप्टेंबरअखेर गेले आणि एकही दिवस वाया गेला नाही.

शांत किनारा बघून फसणं

ही चूक जिवावर बेतू शकते, म्हणून सविस्तर सांगते.

शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो: दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो तो खारा, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातो तो मतलई. मेल्टेमी हे वेळापत्रक मानत नाही. तो उत्तरेकडून येतो, म्हणजे मिलोसच्या दक्षिण किनाऱ्यावर भरदिवसा मतलईसारखा, जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. कड्यांच्या आडोशामुळे काठाला पाणी आरशासारखं असतं. लाट नाही, फेस नाही. तळाचे गोटे मोजता येतात. पण काठापासून शंभर-दोनशे मीटर बाहेर गेलात की आडोसा संपतो आणि वारा पाठीवर येतो. पाठीवरचा वारा जाणवतही नाही, उलट कयाक छान पळतेय असं वाटतं. परत फिरता तेव्हा कळतं.

आमच्यातली एक मुलगी त्सिग्रादोच्या कड्यासमोर फोटो काढायला थांबली. वल्हं मांडीवर आडवं, दोन्ही हात फोनला. तीन-चार मिनिटं झाली असतील. तिनं मान वर केली तेव्हा आम्ही सगळे कड्याला चिकटून होतो आणि ती एकटी बाहेर. तिला वाटलं, आम्हीच पुढे गेलो. गाईड दोन शिट्ट्या मारून तिच्याकडे निघाला, दोरीनं तिची कयाक आपल्याला बांधली आणि दोघांनी मिळून वल्हवत ते अंतर कापलं. जाताना चार मिनिटं लागली होती, येताना वीस. त्या वीस मिनिटांत ती एक शब्द बोलली नाही.

त्यामुळे दक्षिण किनाऱ्यावर कड्याला धरून चाला, गाईडनं आखलेल्या रेषेच्या समुद्राकडच्या बाजूला जाऊ नका आणि फोटो काढायचा असेल तर आधी शेजारच्याला सांगा. तो तुमच्या कयाकचा काठ धरून ठेवतो, मग दोन्ही कयाक एकत्र स्थिर राहतात. आणि चुकून वाहवत गेलातच, तर कयाक सोडून पोहत यायचा विचार मनात आणू नका. कयाक दुरून दिसते, पाण्यातलं डोकं दिसत नाही. ग्रीसच्या तटरक्षक दलाचा नंबर 108, आणि युरोपभर चालणारा 112. दोन्ही फोनमध्ये आधीच टाकून ठेवा आणि फोन पाणी न शिरणाऱ्या पाऊचमध्ये, दोरीनं लाइफ जॅकेटला बांधून ठेवा.

स्प्रे स्कर्टची पट्टी आत राहणं

आपल्याकडे खाडीत भाड्यानं मिळतात त्या बहुतेक उघड्या कयाक असतात. वर बसायचं, उलटली की बाजूला पडायचं. समुद्रातल्या लांबच्या फेरीला पाय आत घालून बसायची कयाक देतात आणि कमरेभोवती स्प्रे स्कर्ट. ही एक घट्ट झालर असते, कॉकपिटच्या (कयाकमध्ये बसायच्या पोकळीच्या) कडेवर ताणून बसवायची, म्हणजे लाटांचं पाणी आत येत नाही. तिच्या पुढच्या टोकाला एक पट्टी असते. कयाक उलटली तर ती पट्टी ओढायची, झालर सुटते, माणूस बाहेर.

झालर बसवायला बोटांना जोर लागतो. मागून सुरुवात करायची, मग बाजू, शेवटी पुढचं टोक. या खटाटोपात पट्टी आतल्या बाजूला दुमडली जाते आणि लक्षातही येत नाही. वरून सगळं नीट बसलेलं दिसतं. मी स्वतः हे केलं आहे, सुदैवानं गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या गाईडच्या नजरेसमोर. त्यानं काही न बोलता माझी पट्टी बाहेर काढली आणि माझाच हात तिच्यावर ठेवला. तेव्हापासून काठ सोडण्याआधी मी डोळे मिटून एकदा पट्टी चाचपते. डोळे मिटून अशासाठी, की उलटं झाल्यावर ती हातानंच शोधायची असते.

पहिल्या दिवशी उलटं होऊन बाहेर यायचा सराव घेतात. पुष्कळ जण तो टाळतात. "मला पोहता येतं" असं सांगतात, केस ओले करायचे नसतात, ग्रुपसमोर लाज वाटते. कृपा करून टाळू नका. पुढे वाका, कयाकच्या बुडावर तीनदा थापट्या मारा (यानं घाई आवरते), हात कडेवरून पुढे नेत पट्टी गाठा, पुढे ढकलून मग वर ओढा, आणि पँट काढताना करतो तसे पाय मोकळे करत बाहेर या. सगळं पाच-सहा सेकंदांचं काम आहे. एकदा केलं की उरलेले दिवस खांदे सैल राहतात, आणि सैल माणसाची कयाक उलटायची शक्यताही कमी होते.

सराव चालतच नसेल किंवा गाईड तो घेतच नसेल, तर स्कर्ट न लावता बसा किंवा दोघांची, रुंद कॉकपिटची कयाक मागा.

"कयाक एकाच बाजूला वळतेय"

ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते आणि नवखा माणूस दोष आपल्या हाताला देतो. बाजूनं वारा असला की कयाकचं नाक आपोआप वाऱ्याच्या दिशेला वळतं, कारण चालती कयाक नाकाशी पाण्यात घट्ट रुतलेली असते आणि मागचं टोक वाऱ्यावर सरकतं. त्यासाठी बुडाखाली मागच्या बाजूला एक छोटं पातं असतं, त्याला स्केग म्हणतात. कॉकपिटजवळच्या खटक्यानं ते खाली सोडा. निम्मं सोडून बघा, मग गरजेप्रमाणे कमी-जास्त करा.

खटका हलतच नसेल, तर जोर लावू नका, तार वाकते. बहुतेक वेळा गोट्यांच्या किनाऱ्यावरून निघताना एखादा खडा स्केगच्या खोबणीत अडकलेला असतो. शेजारच्याला मागे येऊन पातं हातानं खाली ओढायला सांगा. निघताना आणि काठाला लागताना पातं नेहमी वर हवं.

मागचा भाग जड होऊन बसलाय असं वाटलं, तर मागच्या हॅचचं (सामानाच्या कप्प्याचं) झाकण एका बाजूनं नीट बसलेलं नसतं आणि पाणी आत जात असतं. लगेच सांगा. कॉकपिटमध्ये तांब्याभर पाणी असणं मात्र नेहमीचंच.

मनगट दुखतंय? वल्हं आवळून धरलंय. बोटांची नुसती आकडी पुरे, जोर पोटातून आणि पाठीतून यायला हवा. पाय बधिर झाले तर पायटे (आत पाय टेकवायचे आधार) एक खूण पुढे सरकवा. कड्याखाली मळमळायला लागलं, तर भिंतीवरून परत येणाऱ्या लाटांमुळे कयाक वेडीवाकडी हलतेय. गुहेकडे बघणं थांबवा, क्षितिजाकडे बघा आणि वल्हवत राहा. थांबलं की मळमळ वाढते. दोघांच्या कयाकमध्ये वल्ही एकमेकांवर आपटत असतील, तर मागच्यानं पुढच्याची लय धरायची. नवरा-बायकोंनी हे किनाऱ्यावरच ठरवून घ्यावं.

ऊन, पाय आणि डबा

कड्यांचा पांढरा खडक आणि पाणी दोन्हींवरून ऊन परत येतं, त्यामुळे हनुवटीखाली आणि नाकपुडीच्या कडेलाही भाजतं. लांब बाह्यांचा पातळ, लगेच सुकणारा शर्ट घाला. टोपीला हनुवटीखाली बांधायचा बंद हवा. सुती कपडे नकोत, ओले झाले की वाऱ्यात हुडहुडी भरवतात. पायात मागे पट्टा असलेली जुनी सँडल, कारण ज्वालामुखी खडक धारदार आहे आणि त्याच्या खाचांत काटेरी सी-अर्चिन बसलेले असतात. किनाऱ्यावर तपकिरी, कागदाच्या पट्ट्यांसारख्या पानांचा ढीग दिसला तर नाक मुरडू नका. ती पोसिडोनिया नावाची सागरी वनस्पती आहे, आणि ती असणं हे पाणी स्वच्छ असल्याचं लक्षण.

शाकाहारी असाल तर नुसतं "व्हेज" सांगून भागत नाही, टूना त्यात धरला जाण्याची शक्यता असते. मांस नको, मासे नकोत, अंडं चालतं की नाही, असं सुटं सुटं सांगा. टोमॅटो-कांदा पसरलेली लादेन्या नावाची जाड रोटी मिलोस आणि शेजारच्या किमोलोस बेटाची खासियत आहे. त्यात मुळात चीजही नसतं. चार तास वल्हवल्यावर ती थंडही फार चांगली लागते.

प्रत्येक गुहेत शिरणं

पोलिएगोस आणि किमोलोस या शेजारच्या बेटांभोवती भूमध्य समुद्रातला मंक सील राहतो, जगातल्या अत्यंत दुर्मिळ सागरी सस्तन प्राण्यांपैकी एक. शरद ऋतूत त्याची मादी गुहेच्या आतल्या वाळूवर पिल्लाला जन्म देते. आत माणूस आला की ती पिल्लाला सोडून पाण्यात उतरते. गाईडनं एखाद्या गुहेला नाही म्हटलं की वाद घालू नका, तोंडापाशी थांबून आवाजही काढू नका. इतर गुहांतही छताचा खडक ठिसूळ आहे, त्यामुळे हेल्मेट दिलं तर घालाच.

शेवटच्या दिवसाचं विमान

मिलोसहून अथेन्सजवळच्या पिरेअस बंदराला जलद बोट साधारण तीन तासांत पोचते, मोठी फेरी त्याहून बराच जास्त वेळ घेते. पण मेल्टेमी वाढला की बोटी रद्द होतात, आणि आधी जलद बोटी थांबतात. ज्या दिवशी अथेन्सहून मुंबईचं विमान आहे त्याच दिवशी बेट सोडायचं ठरवू नका, मध्ये एक रात्र अथेन्समध्ये ठेवा. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा विमा लागतो, पण तो आहे म्हणजे कयाकिंगही त्यात आलं असं नाही. पॉलिसीत साहसी खेळ वगळलेले असतील तर ते जोडून घ्या, आणि हे काम व्हिसाच्या अर्जाआधी करा, कारण अर्जाला तीच पॉलिसी लावायची असते.