शाळेची लेव्ही: फेब्रुवारीतलं पाकीट टेबलावर पडून राहू नये म्हणून

सिअ‍ॅटलच्या आसपास राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी घर घेताना आधी शाळा बघितली. त्याच शाळेच्या लेव्हीचं, म्हणजे मतदारांनी मंजूर करायच्या स्थानिक मालमत्ता कराचं, बॅलट (मतपत्रिका) जानेवारीच्या शेवटी घरी येतं आणि जाहिरातींच्या गठ्ठ्यात जाऊन बसतं. मी आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या (आपल्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) लेव्हीसाठी स्वयंसेविका म्हणून काम करते. मराठी घरांमध्ये याबद्दल कसं बोलावं आणि काय अजिबात करू नये, ते इथे लिहिते आहे. नियम वॉशिंग्टन राज्याचे आहेत. दुसऱ्या राज्यात असाल तर तिथले आधी तपासा.

आधी स्वतः नीट समजून घ्या

लेव्ही आणि बॉण्ड यांत गल्लत करू नका. लेव्ही मुख्यतः शिकवण्यासाठी आणि शाळा रोज चालवण्यासाठी असते आणि जास्तीत जास्त चार वर्षांसाठी मागता येते. तंत्रज्ञान किंवा दुरुस्तीसाठीची लेव्ही सहा वर्षांपर्यंत असू शकते. बॉण्ड म्हणजे इमारती बांधायला काढलेलं कर्ज. बॉण्डला 60 टक्के मतं लागतात. लेव्हीलाही पूर्वी तेवढीच लागत. 2007 मध्ये राज्यघटना बदलली, तेव्हापासून साधं बहुमत पुरतं.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: शाळांचा खर्च राज्य का करत नाही? हा प्रश्न रास्त आहे, तो उडवून लावू नका. वॉशिंग्टनच्या घटनेत मुलांचं शिक्षण हे राज्याचं सर्वोच्च कर्तव्य म्हटलं आहे. ते राज्य पुरतं पार पाडत नाही, असा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये मॅक्लिअरी खटल्यात दिला. पुढे 2015 मध्ये राज्याला दिवसाला 1 लाख डॉलर दंडही लावला. त्यानंतर राज्याने पैसे वाढवले, 2018 मध्ये खटला संपला. पण राज्य पैसे देतं ते ठरावीक सूत्राने. एका शाळेला नर्सचा किती हिस्सा, काउन्सेलरचा किती, हे त्या सूत्रात बसवलेलं असतं. नर्स रोज शाळेत हवी असेल तर उरलेले पैसे बहुतेक ठिकाणी लेव्हीतून येतात. वर्गातल्या मदतनीस, बँड, खेळ, विशेष शिक्षणात कमी पडणारी रक्कम, हेही बरंचसं तिथूनच. तुमच्या डिस्ट्रिक्टच्या माहितीपत्रकात याची यादी असते. ती वाचल्याशिवाय कोणाच्या दारात जाऊ नका.

टॅक्सचं स्टेटमेंट समोर ठेवून बोला

घराचा टॅक्स एस्क्रोमधून (गृहकर्जाच्या हप्त्याबरोबर भरतो त्या खात्यातून) परस्पर जात असल्याने खूप जणांनी स्वतःचं स्टेटमेंट कधी उघडूनच पाहिलेलं नसतं. काउंटीच्या संकेतस्थळावर पार्सल नंबर (घराच्या जागेचा क्रमांक) टाकला की ते दिसतं.

आमच्या शेजारचे एक काका पहिल्यांदा दारातच म्हणाले, "अगं, आमची मुलं केव्हाच शिकून बाहेर पडली. आणि टॅक्स तर दरवर्षी वाढतोय. शाळेचा तर आधीच भरतो आम्ही." मी वाद घातला नाही. "काका, तुमचं स्टेटमेंट काढूया का?" एवढंच विचारलं. काकूंनी चहा टाकला आणि आम्ही जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसलो. त्यात शाळांच्या नावाने दोन वेगळ्या गोष्टी दिसतात: एक राज्याचा शाळा कर, जो राज्यभर गोळा होतो, आणि दुसरा स्थानिक शाळांचा. शिवाय काउंटी, शहर, वाचनालय वगैरे. काका आजवर दोन्ही शाळा कर एकच समजत होते. मतदान होतं ते फक्त दुसऱ्यावर.

दुसरा गैरसमज घराच्या किमतीचा. घराची किंमत दुप्पट झाली म्हणजे शाळेलाही दुप्पट पैसे मिळाले, असं लोकांना वाटतं. इथे मतदार मंजूर करतात ती दर वर्षाची डॉलरमधली ठरलेली रक्कम. असेसर, म्हणजे मालमत्तेची किंमत ठरवणारा काउंटीचा अधिकारी, ती डिस्ट्रिक्टमधल्या सगळ्या मालमत्तेवर वाटतो. सगळ्यांच्या किमती वाढल्या की दर खाली येतो, शाळेची रक्कम मंजुरीच्या वर जात नाही. मात्र तुमच्या घराची किंमत इतरांपेक्षा जास्त वाढली, तर तुमचा वाटा वाढतो. हेही सांगा. लपवलंत तर पुढचं काहीच कोणी खरं मानणार नाही.

गणित त्यांच्या घराचंच करा. दर हजार डॉलरला 2 डॉलर असेल आणि घराची असेस्ड किंमत 9 लाख असेल, तर वर्षाला 1,800 डॉलर, म्हणजे महिन्याला 150. मग विचारा की ही लेव्ही नवीन आहे की संपणाऱ्या लेव्हीच्या जागी येते आहे. जागी येत असेल तर हे सगळे 1,800 नवे नसतात, खरी वाढ फक्त फरकाएवढी. दर आणि जुनी रक्कम डिस्ट्रिक्टच्या पत्रकातून घ्या, अंदाजाने बोलू नका.

वयस्कर मंडळींना सवलतीबद्दल आवर्जून सांगा. 61 वर्षं पूर्ण झालेल्यांना किंवा अपंगत्वामुळे निवृत्त झालेल्यांना, उत्पन्न काउंटीच्या मर्यादेत असेल तर, स्वतः राहतात त्या घरावरच्या अशा लेव्हीतून सूट मिळते. अर्ज असेसरकडे करायचा. ते लेव्हीच्या बाजूने असोत वा विरुद्ध, हे त्यांना कळलंच पाहिजे.

घरांच्या किमती टिकतात, हा मुद्दा मी शेवटी आणते, आणि शक्यतो आणतच नाही. मुलांच्या शाळेबद्दल बोलताना शाळेबद्दलच बोलावं असं मला मनापासून वाटतं.

कोणी काय करायचं

मत फक्त नागरिकांनाच देता येतं. एचवनबी व्हिसावर असाल किंवा ग्रीन कार्डवर, तर मतदार नोंदणीचा कुठलाही फॉर्म भरू नका, कोणी आग्रह केला तरी नाही. त्याने इमिग्रेशन कायमचं अडचणीत येऊ शकतं. पण बोर्ड मीटिंगमध्ये बोलता येतं, पत्रकं वाटता येतात, शेजाऱ्यांशी बोलता येतं. व्हिसावर असलेल्यांनी प्रचाराला पैसे देऊ नयेत, वेळ द्यावा.

शिक्षकांना कामाच्या वेळेत किंवा शाळेच्या ईमेलवरून प्रचार करायला कायद्याने मनाई आहे. डिस्ट्रिक्ट फक्त वस्तुस्थिती सांगू शकतो, मत द्या म्हणू शकत नाही. तेव्हा मुलांच्या बाईंना किंवा सरांना त्यात ओढू नका. प्रचार करते ती पालकांची आणि नागरिकांची वेगळी समिती, तिच्याशी जोडून घ्या.

बॅलट घरी येतात ते दिवस संक्रांत ते रथसप्तमीच्या आसपासचे, म्हणजे हळदीकुंकवाचे. वाण देता देता विषय छान निघतो. मंडळाचा कार्यक्रम असेल तर आधी मंडळाच्या समितीला विचारा, त्यांच्या नावाने परस्पर काही छापू नका.

दारोदारी जाताना पत्रक दाराला अडकवा, मेलबॉक्समध्ये टाकू नका. तिकीट न लावलेला कागद मेलबॉक्समध्ये टाकणं हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे.

पाकीट परत जाईपर्यंत

फेब्रुवारीतलं मतदान महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी असतं. बॅलट 18 दिवस आधी पोस्टात पडतं. नोंदणी किंवा पत्ता बदल ऑनलाइन करायचा तर आठ दिवस आधीपर्यंत, त्यानंतर प्रत्यक्ष जाऊन मतदानाच्या दिवशी रात्री आठपर्यंत. पाकिटावर सही हवीच, आणि ती नोंदलेल्या सहीशी जुळायला हवी. जुळली नाही तर निवडणूक कार्यालय कळवतं, त्याला लगेच उत्तर द्या. परत पाठवायला तिकीट लागत नाही, पण शेवटच्या आठवड्यात पोस्टावर विसंबू नका, ड्रॉप बॉक्समध्येच टाका. तो रात्री आठला बंद होतो.

नागरिक झालेल्या आजी-आजोबांसाठी बॅलट मराठीत मिळत नाही. शेजारी बसा, दोन्ही बाजूंचं म्हणणं वाचून दाखवा आणि खूण त्यांना करू द्या.

कोणाचं पाकीट परत आलं ही नोंद सार्वजनिक असते, मत कोणाला दिलं ते नाही. प्रचार करणाऱ्या समितीकडे ही यादी येते. लेव्ही हरली तर त्याच वर्षी आणखी एकदाच मागता येते, सहसा एप्रिलच्या चौथ्या मंगळवारी. पुढच्या वर्षी करार नाही हे शिक्षकांना साधारण 15 मेपर्यंत कळवावं लागतं, म्हणजे मध्ये जेमतेम तीन आठवडे. म्हणून एप्रिलची वेळ आलीच तर नाही म्हणणाऱ्यांच्या मागे लागण्याआधी यादीतली ज्यांची पाकिटं फेब्रुवारीत आलीच नाहीत ती नावं काढा आणि त्यांना फोन करायला बसा.