उलाढाल म्हणजे उत्पन्न नव्हे: पर्यटनाचा आर्थिक परिणाम मोजताना या चुका टाळा

अहवालाच्या पहिल्याच पानावर ठळक ओळ असते: महोत्सवामुळे भागाला २ कोटींचा फायदा. हिशेब सोपा, १०,००० पर्यटक गुणिले माणशी २,००० रुपये. हाच आकडा जरा सोलून पाहू (रकमा उदाहरणापुरत्या).

१०,००० या फाटकावरच्या नोंदी आहेत, माणसे नव्हेत. महोत्सव तीन दिवसांचा आणि प्रत्येक जण सरासरी दोनदा आत आला, तर माणसे ५,०००. त्यातली २,००० त्याच भागातली. त्यांनी इथे पैसे उडवले नसते तर पुढच्या आठवड्यात जवळच्याच एखाद्या दुकानात उडवले असते. उरले ३,०००. त्यातले ५०० जण कामासाठी किंवा नातेवाइकांकडे तसेही येणारच होते. (महोत्सवासाठी एखादा दिवस जास्त राहिले असतील, तर तेवढ्याच दिवसाचा खर्च धरा.) राहिले २,५००. शिवाय २,००० रुपये हा खर्च माणशी नव्हताच, चौघांच्या कुटुंबाचा होता. २,५०० गुणिले ५००, म्हणजे साडेबारा लाख. सोळा पटींचा फरक, आणि खोटे कोणीच बोललेले नाही.

चौघांची चूक मी स्वतः केली आहे. फॉर्मवर ‘किती खर्च केला?’ एवढेच होते. ‘किती जणांचा, किती दिवसांचा?’ हे रकानेच नव्हते. भरलेल्या फॉर्मांचा गठ्ठा हाती आला आणि निम्म्याहून जास्त बाद करावे लागले. मागाहून अंदाजाने भागाकार करत बसण्यात अर्थ नसतो.

बरे, साडेबारा लाख हीसुद्धा उलाढालच. पर्यटकाने १०० रुपयांची भेटवस्तू घेतली आणि दुकानदाराने ती बाहेरून ७० ला आणली असेल, तर भागात राहतात ते ३०. या गळतीकडे दुर्लक्ष करून अख्ख्या १०० ला गुणक (पर्यटकाचा एक रुपया भागात हातोहात फिरून एकूण किती रुपयांची भर घालतो, तो आकडा) लावणे ही सर्रास होणारी चूक.

गुणकाचाही घोळ मोठा. विक्रीचा गुणक वेगळा, उत्पन्नाचा वेगळा, रोजगाराचा वेगळा; अहवालात मात्र विक्रीचाच झळकतो, कारण तो मोठा असतो. देशाच्या आदान-प्रदान कोष्टकातला (कोणता उद्योग कोणाकडून किती माल घेतो, याचा तक्ता) गुणक उचलून छोट्या भागाला चिकटवू नका. भाग जितका छोटा, तितका माल बाहेरून येतो, गळती वाढते आणि गुणक सहसा लहान होतो. वासिली लिओंटिएफ यांच्या ज्या आदान-प्रदान पद्धतीतून (तिच्यासाठी त्यांना १९७३ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले) हे गुणक निघतात, ती पद्धत मनुष्यबळ आणि जागा हवी तेवढी मिळेल असे धरून चालते. हंगामात हॉटेले आधीच भरलेली असतील, तर नवा पाहुणा जुन्याला बाहेर काढतो, भर कसली? उलट निम्मे हॉटेल रिकामे असेल, तर चार पाहुणे वाढले म्हणून मालक नवा माणूस ठेवत नाही. तेव्हा रोजगाराचे आकडे पूर्णवेळ नोकऱ्यांत बदलून आणि हात राखून लिहा.

‘पर्यटन उपग्रह लेखा’ (देशाच्या राष्ट्रीय हिशेबाला जोडलेला पर्यटनाचा वेगळा हिशेब) आहे म्हणजे परिणाम मोजून झाला, असेही समजू नका. २००८ च्या आंतरराष्ट्रीय चौकटीनुसार तो पर्यटनाचे थेट योगदान दाखवतो. पर्यटन नसते तर काय झाले असते, हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरचा.

सर्वेक्षणातली एक चूक सहज नजरेतून सुटते. प्रेक्षणीय स्थळी उभे राहून माणसे निवडली, तर सहा दिवस राहणारा पाहुणा एका दिवसात परतणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा तावडीत सापडतो आणि सरासरी मुक्काम फुगतो. शक्य तर परतीच्या वाटेवर, स्थानकात किंवा बसथांब्यावर विचारा. नाहीतर मुक्काम जितका लांब, तितका त्या उत्तराचा सरासरीतला भार (वजन) कमी करा.

आकडा आला की ताळा करा. भागातल्या खोल्या गुणिले हंगामाच्या रात्री गुणिले सरासरी भाडे, यापेक्षा तुमचा हॉटेलखर्च जास्त येत असेल, तर आधी फाटकावरच्या नोंदी पुन्हा काढून बघा. बहुतेक वेळा गोम तिथेच असते.