पिकअपला कॅराव्हॅन जोडण्याआधी

ऊस हंगामात आमच्या सांगलीकडच्या कुठल्याही रस्त्यावर उभं राहा, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर संपतच नाहीत. त्यामुळे पिकअपच्या मागे झोपायची सोय असलेला छोटा ट्रेलर लावून हिंडायचं मी ठरवलं तेव्हा घरात कुणाला विशेष काही वाटलं नाही. "ट्रॉलीच की ती," एवढंच ऐकायला मिळालं. मलाही तसंच वाटत होतं. फरक एवढाच, की ट्रॅक्टर पंचवीसनं चालतो आणि पिकअप ऐंशीनं. आता साताऱ्याच्या भाच्यानंही असलाच ट्रेलर घ्यायचं काढलंय आणि "मामा, तयारीची यादी पाठव" म्हणून मागे लागलाय. लिहायला बसलो ती ही यादी.

ट्रेलर बघायला जाण्याआधी स्वतःच्या पिकअपचं आरसी बुक काढा. त्यावर रिकाम्या गाडीचं वजन असतं आणि भरल्या गाडीचं कमाल वजन असतं. दोन्हींतला फरक म्हणजे गाडीच्या अंगावर घालता येणारं सगळं ओझं. समजा, रिकामं वजन १९६० किलो आणि भरलेलं २५०० किलो आहे, तर हातात ५४० किलो आले. ऐकायला भरपूर वाटतात. आता वजा करत चला. चार माणसं धरा २८० किलो. हौदावर टप टाकला असेल तर त्याचे ६०. हूक आणि त्याची चौकट २५. कूलबॉक्स, जॅक, हत्यारं, बॅगा मिळून ६०. राहिले ११५. ट्रेलरचं जे ओझं हुकावर टेकतं ते या ११५ मध्ये बसलं पाहिजे. ट्रेलर स्वतःच्या चाकांवर चालतो, त्याचं गाडीला काय, असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. त्यांचं ऐकू नका.

गाडी किती ओढू शकते हा वेगळा आकडा असतो आणि तो गाडीसोबतच्या पुस्तिकेत बघायचा. ट्रेलरला ब्रेक असेल तर एक आणि नसेल तर दुसरा, असे बहुधा दोन आकडे असतात. पुस्तिकेत आकडाच नसेल तर सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या, तोंडी उत्तरावर जाऊ नका. इंजिन किती हॉर्सपॉवरचं आहे यावर पारावर बसून वाद घालायला मजा येते, पण ओढायला कुठलीही डिझेल पिकअप एवढासा ट्रेलर ओढते. प्रश्न थांबवण्याचा आणि सरळ ठेवण्याचा असतो.

ट्रेलर निवडताना माझा सल्ला एकाच आसाचा, चार मीटरच्या आतला आणि ब्रेकवाला. युरोपात बिनब्रेकच्या ट्रेलरला ७५० किलोची मर्यादा आहे. आपल्याकडचे घाट बघता भरल्यावर त्याच्या आसपास जाणारा ट्रेलर मी तरी बिनब्रेकचा घेणार नाही. माहितीपत्रकातलं वजन रिकाम्या सांगाड्याचं असतं. त्यात पाणी, बॅटरी, सिलिंडर, गादी, छत्री काही धरलेलं नसतं. माझा कागदावर ६२० किलोचा होता. सगळं भरून काट्यावर चढवला तर ८६० भरला. सांगली-मिरजेत हळदीचे आणि उसाचे इतके वजनकाटे आहेत की हे न तपासायला सबबच नाही. ट्रेलरखाली वाकून पाण्याची टाकी कुठं आहे तेही बघा. आसाच्या वर किंवा थोडी पुढं असेल तर उत्तम. थेंबाच्या आकाराचे जे छोटे ट्रेलर मिळतात त्यांचं स्वयंपाकघर शेपटाकडे असतं. दिसतं फार छान, पण शेगडी, भांडी, सिलिंडर, पाणी सगळं आसाच्या मागं जातं, आणि माझी फजिती तिथंच झाली.

पहिल्याच फेरीला पेठ नाक्यावरून हायवेला लागलो. कराडच्या दिशेनं ऐंशीनं जात होतो. शेजारून एक लांबलचक कंटेनर गेला आणि ट्रेलरनं शेपूट हलवायला सुरुवात केली. आधी हळूच, मग जोरात, मग पिकअपचं मागचं अंगसुद्धा त्याच्याबरोबर हलायला लागलं. पाय आपोआप ब्रेकवर गेला तर ते आणखी वाढलं. कसाबसा वेग उतरला आणि बाजूला घेतली. बरोबर चुलते होते, तात्या. आयुष्यभर कारखान्याला बैलगाडीनं ऊस वाहिलेला माणूस. ते उतरले, ट्रेलर हुकातून सोडायला लावला आणि ट्रेलरचं पुढचं तोंड एका हातानं उचललं. "आरं, ही तर उलाळ गाडी हाय. धुरंला वजनच न्हाई."

धूर म्हणजे बैलगाडीच्या दांड्यांचं पुढचं टोक, जिथं जू बांधतात. मागं जास्त माल पडला की गाडी उलाळ होते, धूर वर उठते आणि बैलांच्या मानेला हिसके बसतात. पुढं जास्त पडला तर बैल दबतात. गाडी भरणारा माणूस ऊस कुठं रचायचा ते यावरूनच ठरवतो. ट्रेलरचं शास्त्र तंतोतंत हेच आहे. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार हुकावर पडायला हवा. कमी पडला तर ट्रेलर शेपूट हलवणार. जास्त पडला तर पिकअप मागून बसणार, पुढची चाकं हलकी होणार, स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही ढिले लागणार. माझ्या ८६० किलोच्या ट्रेलरचा हुकावरचा भार होता जेमतेम तीस किलो. टीव्हीवाले, मेकॅनिक, मित्र या सगळ्यांना विचारून झालं होतं. घरातल्या माणसाला विचारायचं राहिलं होतं.

म्हणून यादीतलं सर्वात मोठं काम हे. हा भार मोजायला घरातला वजनाचा काटा पुरतो. सपाट जागेवर ट्रेलरच्या चाकांना ठोकळे लावा, काट्यावर लाकडाचा ओंडका उभा करा आणि ट्रेलरचं तोंड त्यावर टेकवा. उंची हुकाला जोडल्यावर जेवढी असते तेवढीच हवी. भार काट्याच्या क्षमतेपेक्षा जास्त निघेल असं वाटलं तर फळीची युक्ती करा. फळीचं एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर, आणि ट्रेलरचं तोंड विटेपासून एक फूट, काट्यापासून दोन फूट अशा जागी टेकवायचं. काटा जे दाखवेल त्याची तिप्पट करायची. मी भांड्यांची पेटी आणि पाण्याचे कॅन आसाच्या पुढं घेतले, बॅटरी पुढच्या कप्प्यात हलवली, मागं फक्त अंथरूण-पांघरूण ठेवलं. काट्यावर ९४ आले. त्यानंतर शेपूट हललेलं नाही.

हललंच, तर काय करायचं ते आधी पाठ करून ठेवा, कारण त्या वेळी डोकं चालत नाही. स्टिअरिंग सरळ धरायचं, उलटसुलट फिरवायचं नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा. पिकअपचा ब्रेक दणकन मारायचा नाही. ट्रेलरच्या ब्रेकला गाडीतून वेगळं बटण असेल तर तो एकटा हलकेच लावायचा. वेग वाढवून ट्रेलर सरळ होतो असं कुणी सांगितलं तर त्याला चहा पाजा आणि विषय बदला. वाऱ्याचंही भान ठेवा. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या काही शोभेला उभ्या केलेल्या नाहीत. तिथं ट्रेलर घेऊन गेलात तर चाळीसच्या वर जाऊ नका.

आता हूक. तो चॅसीच्या दोन्ही लांब पट्ट्यांना बोल्टनं आवळलेला हवा. नुसत्या बंपरला वेल्डिंग करून देणारे भेटतात, त्यांना नमस्कार करून पुढं जायचं. हुकाच्या टोकाला ट्रेलरचं तोंड ज्यावर बसतं तो गोळा आपल्याकडे बहुतेक ५० मिलिमीटरचा असतो. ट्रेलरचं तोंडही त्याच मापाचं आहे ना ते बघा, मोठं तोंड छोट्या गोळ्यावर बसल्यासारखं वाटतं आणि पहिल्या गतिरोधकाला उडतं. कुलूप बसलं की ट्रेलरच्या पुढच्या छोट्या चाकाचा दांडा फिरवून तोंड वर उचलायचा प्रयत्न करा. पिकअपचं मागचं अंगही बरोबर उचललं गेलं तर पक्कं बसलंय. दोन साखळ्या तोंडाखाली एकमेकींना छेदून लावायच्या, म्हणजे हूक सुटलाच तर तोंड रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडतं. साखळ्या जमिनीला घासणार नाहीत आणि वळणावर ताणणारही नाहीत एवढ्याच लांब. बैलगाडीच्या आसाला 'कुणी' नावाची खीळ असते, चाक निसटू नये म्हणून. इथं तसंच काम करणारी एक पातळ वायर असते. ट्रेलर पूर्ण तुटून गेला तर ती खेचली जाऊन ट्रेलरचे ब्रेक लागतात. ती पिकअपच्या चौकटीला अडकवा, साखळीला नको.

कागदपत्रांचं थोडक्यात. ट्रेलरला स्वतःचा नंबर लागतो, ट्रॉलीला लागतो तसाच. टोकन देण्याआधी बनवणाऱ्याकडे त्या मॉडेलच्या मंजुरीचे कागद मागा आणि ते घेऊन आपल्या आरटीओत, एमएच १० असो, ११ असो की ५०, पासिंग होईल का ते विचारून या. हौसेनं एमआयडीसीत बनवून घेतलेला आणि दारात नुसता उभा असलेला ट्रेलर मी पाहिलाय. विमा कंपनीला ट्रेलर ओढणार असल्याचं कळवा आणि पॉलिसीवर तशी नोंद करून घ्या.

निघायच्या सकाळी कुणाला तरी मागे उभं करून ब्रेकचा दिवा, दोन्ही इंडिकेटर, टेललाइट बघून घ्या. दिवे मंद पेटत असतील किंवा इंडिकेटर दिला की सगळेच लुकलुकत असतील तर अर्थिंगची तार सैल आहे, बल्ब बदलत बसू नका. टायरची हवा थंड असताना तपासा. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, कारण ते वर्षाचे दहा महिने उन्हात उभे असतात. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. सहा वर्षांच्या पुढचा टायर नक्षी कितीही छान असली तरी बदला. गॅसचा कॉक बंद. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोकं हवीत, आणि बोळे कोंबून ती कुणी बुजवलेली नसावीत. आमच्याकडे झुरळं येतात म्हणून बुजवली होती.

पहिला थांबा तासाभरात घ्या. चाकाचे नट पुन्हा आवळा, नव्या ट्रेलरचे हमखास थोडे सैल होतात. चाकाच्या मध्यभागी उलटा हात लावून बघा. कोमट ठीक. हात ठेववत नसेल तर बेअरिंग तरी गेलंय नाहीतर ब्रेक घासतोय.

सांगलीहून पाचगणीला जायचं तर तासवडे, आनेवाडी हे टोल झाले की पाचवडवरून वाई आणि मग पसरणीचा घाट. पुण्याकडून येणारे खंबाटकी उतरून सुरूरला वळतात. त्या सुरूर-वाई रस्त्याच्या वडांच्या फांद्या बघून चाला, ट्रेलरच्या छतावरचा पंखा पिकअपच्या टपापेक्षा उंच असतो हे विसरायला होतं. पसरणीच्या वळणांवर ट्रेलरची चाकं पिकअपच्या चाकांपेक्षा आतून जातात, म्हणून पिकअप जरा बाहेरून घ्यायची. उतरताना सगळी मदार गिअरवर. ज्या गिअरमध्ये चढलात त्यातच उतरा, इंजिनला ओरडू द्या. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर निम्म्या वाटेत जळका वास येतो आणि मग पायाखाली काही लागत नाही. मागं गाड्या साचल्या तर रुंद जागा बघून त्यांना पुढं जाऊ द्या. शनिवार-रविवार आणि पावसाळा टाळा. रात्री तर हायवेलासुद्धा नको, हंगामात बिनदिव्याच्या ट्रॉल्या उभ्या असतात.

रिव्हर्स घ्यायला शिकायचं असेल तर बंद असलेल्या खळ्यावर चार संध्याकाळी घालवा. हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरायचा. हात उजवीकडे गेला की ट्रेलरचं शेपूट उजवीकडे. ट्रेलर जितका छोटा तितका लवकर दुमडतो, मोठी ट्रॉली त्यामानानं गरीब.

मुक्कामाची जागा आधी फोनवर ठरवा. कासच्या पठारावर किंवा चांदोली-कोयनेच्या जंगलात कुठंही तंबू ठोकल्यासारखं उभं राहता येत नाही. कृषी पर्यटनवाले सोयीचे. त्यांना "कॅराव्हॅनला जागा आहे का?" असं विचारलं की सगळे हो म्हणतात. मी विचारतो, "तुमच्या अंगणात ट्रॅक्टर ट्रॉलीसकट वळतो का?" मग खरं उत्तर मिळतं. पंधरा ॲम्पिअरचा सॉकेट आणि अर्थिंग आहे का तेही त्याच फोनमध्ये. पोचल्यावर आधी ट्रेलरच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून उटी म्हणजे ठोकळे लावायचे, मगच हुकाला हात. हा क्रम मी एकदा उलटा केला आणि ट्रेलर आपण होऊन यजमानांच्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात गेला.

आणि परतीच्या सकाळी भार पुन्हा मोजा. जाताना टाकीत साठ लिटर पाणी होतं, येताना ती कोरडी असते. माझी टाकी आसाच्या पुढं आहे, म्हणून येताना धूर हलकी होते. बायकोनं घेतलेल्या जॅमच्या आणि सरबताच्या बाटल्यांचे खोके मी तेव्हा मागच्या दारातून आत टाकत नाही, पुढच्या कप्प्यात ठेवतो.