परदेशात राहून पासपोर्टचे नूतनीकरण : मराठवाड्यातील कुटुंबांनी या चुका टाळाव्यात

लातूर, बीड, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरहून नोकरीसाठी बाहेर गेलेली व्यक्ती दुबईत, रियाधमध्ये अथवा न्यू जर्सीत पासपोर्टचा अर्ज भरते, तेव्हा तो अर्ज तेथील भारतीय दूतावासाकडे किंवा वाणिज्य दूतावासाकडे जातो. परंतु नाव, जन्मतारीख आणि कायमचा पत्ता यांचे पुरावे मराठवाड्यातच असतात. त्यामुळे अर्जाची निम्मी तयारी गावाकडे व्हावी लागते, आणि नेमकी तीच राहून जाते.

पहिली चूक वेळेची. प्रौढांचा पासपोर्ट १० वर्षांचा असतो आणि मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून नव्यासाठी अर्ज करता येतो. तरीही पासपोर्टवरील शेवटची तारीख हीच खरी मुदत मानून अनेक जण थांबतात. प्रत्यक्षात अनेक देश प्रवेशासाठी किमान सहा महिन्यांची वैधता मागतात. अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी : पासपोर्ट लवकर संपणार असेल, तर विमानतळावरील अधिकारी आय-९४ या देशात प्रवेश केल्याच्या नोंदीवर मुक्कामाची मुदत पासपोर्टच्या तारखेपर्यंतच देऊ शकतात, मग व्हिसाची मंजुरी पुढच्या दोन वर्षांची का असेना. ही नोंद न पाहिल्यामुळे कायदेशीर मुक्काम नकळत संपू शकतो, म्हणून प्रत्येक प्रवेशानंतर ती तपासलीच पाहिजे. आखाती देशांत पासपोर्ट नोकरी देणाऱ्या मालकाकडे ठेवला गेला असेल, तर तो अर्जासाठी वेळेत मागून घ्यावा.

नावाची गफलत ही सर्वांत चिवट अडचण आहे. महाराष्ट्र मंडळाच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी येते, आधार कार्डावर ते शेवटी असते आणि पासपोर्टच्या अर्जात आडनाव व उर्वरित नाव यांचे रकाने वेगळे असतात. प्रमाणपत्र समोर ठेवून घाईने अर्ज भरताना आडनावाच्या रकान्यात वडिलांचे नाव जाते आणि छाननीत अर्ज थांबतो. विवाहित महिलांच्या बाबतीत प्रश्न केवळ आडनावाचा नसतो, कारण आपल्याकडे मधले नावही वडिलांच्या ऐवजी पतीचे होते. म्हणजे दोन्ही रकान्यांत बदल होतो आणि त्यासाठी सहसा विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र मागितले जाते. लग्न गावी झाले आणि ग्रामपंचायतीत त्याची नोंदच केली नाही, अशी कुटुंबे मराठवाड्यात पुष्कळ आहेत. ही नोंद परदेशातून करून घेणे फार अवघड जाते, म्हणून सुट्टीत गावी आल्यावर हे काम सर्वांत आधी उरकावे. नाव बदलण्याची गरज नसेल, तर जुन्या पासपोर्टवरील नाव अक्षरशः तसेच ठेवणे सर्वांत सुरक्षित.

शाळेत घालताना लावलेली १ जून ही जन्मतारीख आणि जन्मनोंदीतील खरी तारीख यांत फरक असेल, तर नूतनीकरणाच्या अर्जात तो दुरुस्त करण्याचा मोह टाळावा. जन्मतारखेतील बदल हे स्वतंत्र आणि काटेकोर तपासणीचे प्रकरण असून व्हिसा, बँक आणि नोकरीची सर्व कागदपत्रे जुन्या तारखेवर उभी असतात. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, त्यामुळे जन्मस्थळाबाबतही गोंधळ होतो. माझ्या मते जन्मस्थळ जुन्या पासपोर्टप्रमाणे व जन्मदाखल्याप्रमाणेच लिहावे आणि पत्ता मात्र सध्याच्या पुराव्याशी जुळणारा द्यावा.

पत्त्याचा प्रश्न पोलीस पडताळणीपर्यंत पोहोचतो, आणि त्याकडे झालेले दुर्लक्ष फार महागात पडते. परदेशातून केलेल्या अर्जाची पडताळणी भारतातील पत्त्याच्या जिल्ह्यात पाठवली जाऊ शकते. आई-वडील मुलाकडे पुण्याला राहायला गेले आणि केज किंवा उदगीरजवळच्या गावातील घराला कुलूप असेल, तर आलेल्या पोलीस कर्मचाऱ्याला माहिती द्यायला कोणीच नसते, आणि प्रतिकूल अहवाल गेला की अर्जदाराला दूर देशातून खुलासे करत बसावे लागते. म्हणून जिथे खरोखर कोणी राहते तोच पत्ता द्यावा, घरच्यांना आणि शेजाऱ्यांना आधी कल्पना द्यावी, आणि अर्जाची प्रत व जुन्या पासपोर्टची छायाप्रत घरी पाठवून ठेवावी. शेताच्या बांधावरून किंवा भाऊबंदकीतून न्यायालयात फौजदारी खटला चालू असेल, तर तो अर्जात लपवू नये. पासपोर्ट अधिनियम, १९६७ नुसार माहिती दडवणे हाच गुन्हा ठरतो. अशा प्रकरणात अर्जापूर्वी गावाकडील वकिलाचा सल्ला घ्यावा.

आखातात काम करणाऱ्यांनी ईसीआर, म्हणजे ठरावीक देशांत नोकरीला जाण्यापूर्वी सरकारी स्थलांतर तपासणी आवश्यक असल्याचा, शिक्काही पाहून घ्यावा. दहावी उत्तीर्ण झालेल्यांना, तसेच एकूण तीन वर्षांपेक्षा अधिक काळ परदेशात राहिलेल्यांना तो काढून घेता येतो. मात्र प्रमाणपत्र किंवा मुक्कामाचे पुरावे अर्जासोबत न जोडल्यास तो नव्या पासपोर्टवरही तसाच येतो आणि संधी हुकते.

लहान मुलांच्या पासपोर्टची मुदत ५ वर्षांचीच असते, हे पालकांच्या ध्यानात राहत नाही. छायाचित्र त्या देशातील दूतावासाने सांगितलेल्या मापाचेच द्यावे. वारंवार प्रवास असेल तर ३६ ऐवजी ६० पानांची पुस्तिका मागावी. सरकारी पोर्टलसारखी दिसणारी बनावट संकेतस्थळे पैसे आणि माहिती दोन्ही काढून घेतात, म्हणून अर्जाची सुरुवात नेहमी दूतावासाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावी.

नवा पासपोर्ट हाती आल्यावर प्रत्येक नोंद त्याच दिवशी तपासावी. जुन्या पासपोर्टवर चालू व्हिसा असल्यास तो रद्द झालेला पासपोर्टही सोबत बाळगावा, आणि नवा क्रमांक नोकरीच्या ठिकाणी, बँकेत व निवास परवाना देणाऱ्या यंत्रणेकडे कळवावा. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी तो आपल्या ई-व्हिसाच्या (ऑनलाइन निवास परवान्याच्या) खात्यातही नोंदवावा, अन्यथा भारतातून परतताना विमान कंपनीच्या काउंटरवरच अडवणूक होऊ शकते.