शिंपल्यातून फ्रेंच स्वप्नबाग कशी काढायची

पणजीत मिरामारच्या किनाऱ्यावर फिरायला गेलात की एक मोठा, रेघारेघांचा शिंपला उचलून आणा, कारण अख्खी बाग त्यातूनच उगवणार आहे. १७३० च्या आसपास पॅरिसमध्ये जाक द लाझू, मेसोनिए हे कलाकार कागदावर अशा बागा काढायचे ज्या कधी बांधायच्याच नव्हत्या, म्हणजे हवेत अर्धवट सुटलेली कमान, कुठेच न जाणारा जिना, इमारतीएवढा शिंपला आणि त्यातून कोसळणारं पाणी. मेसोनिएची अशी छापील चित्रं १७३४ मध्ये विकायला आली होती. या शैलीला रोकाय म्हणतात, बागेतल्या कृत्रिम गुहांना दगड-शिंपले चिकटवायचे ना, त्या कामावरून.

शिंपला टेबल लॅम्पखाली तिरका धरा आणि नीट बघा, रेघा बुडापाशी दाट असतात, कडेला जाताना फाकतात आणि शेवटी कड जराशी वळते. ते वळण पेन्सिलीने कागदाच्या एका बाजूला मोठं काढा, मधोमध अजिबात नको, डावं-उजवं सारखं झालं की सगळी मजा गेली. मग त्याच्या टोकातून उलटं वळण काढा, त्यातून अजून एक.

आता जिना, आणि इथे घाई करू नका प्लीज. लाझूला १७२१ मध्ये पॅरिसच्या राजेशाही चित्र-शिल्प अकादमीने घेतलं ते वास्तुचित्रकार म्हणून, त्याचं पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळचं मोठं आणि लांबचं लहान दाखवणं, पक्कं होतं म्हणून तर त्याची अशक्य कमान खरी वाटते. प्रत्येक पायरी मोजून काढा, उजेड एकाच बाजूने ठेवा. कठडा फ्रेंचच हवा असं काही नाही, मी आमच्या जुन्या घराच्या बाल्कांवातले, म्हणजे दारापुढच्या ओसरीतले, सोपो काढते, ती बांधीव बाकं, आणि जांभ्या चिऱ्याची भोकं तर रोकायला इतकी शोभतात की बस, त्यावर पावसाळ्यातलं शेवाळंही चढवा.

मग ब्राऊन शाईने रेघा पक्क्या करा आणि तीच शाई पाणी घालून पातळ करून सावल्यांवर दोन-तीन हात द्या. जुलैत आपल्याकडे कागद लवकर सुकत नाही, पहिला हात पूर्ण सुकल्याशिवाय दुसरा दिलात तर कडा फुटतात. धबधबा मात्र रंगवायचाच नाही, कागद पांढरा सोडून फक्त आजूबाजूचा दगड गडद करा.

सगळ्यात शेवटी खालच्या पायरीवर नखाएवढा एक माणूस काढा. तो उभा राहिला की शिंपला एकदम तीन मजली होतो.